गणपतराव देशमुख सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून विधानसभेवर अकरा वेळा कसे निवडून आले, आणि आजच्या तरुण उमेदवाराने त्यांच्याकडून काय घ्यावे?

या प्रश्नाला ठरलेले उत्तर मिळते ते त्यांच्या साधेपणाचे आणि एसटीच्या प्रवासाचे. ते खोटे नाही, परंतु साधेपणावर कोणी अकरा निवडणुका जिंकत नाही. 1962 पासून 2014 पर्यंत ते एकाच शेतकरी कामगार पक्षातून लढले. मधे 1972 साली हरले आणि 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. 1995 साली तर अवघ्या 192 मतांनी पडले आणि 1999 साली पुन्हा निवडून आले. मंत्रिपद त्यांना दोनदाच मिळाले, 1978 च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडी सरकारात आणि 1999 च्या विलासरावांच्या मंत्रिमंडळात. बाकीचा बहुतेक काळ विरोधी बाकांवर गेला. सत्ता नसताना माणसे इतकी वर्षे त्यांच्याबरोबर का टिकली, हा खरा प्रश्न आहे.

माझे वडील ऐंशीच्या दशकातल्या दुष्काळात रोजगार हमीच्या पाझर तलावावर खोदकामाला होते. तिथे मजुरी मोजमापावर ठरे, आणि मऊ मुरूम, कठीण मुरूम व खडक यांचे दर वेगवेगळे असत. वडिलांच्या टोळीने पहारी बोथट होईपर्यंत कठीण मुरूम फोडला, पण मोजमाप पुस्तकात मऊ मुरूम लागला आणि पगार निम्म्यावर आला. पक्षाचा एक कार्यकर्ता सायकलवरून कामावर आला, मोजणीसाठी खड्ड्यात राखलेले मातीचे उंचवटे त्याने स्वतः टेपने मोजले, मुरमाचे ढेकूळ पिशवीत घातले आणि मस्टरचा, म्हणजे हजेरीपटाचा, क्रमांक घालून फेरमोजणीचा अर्ज लिहिला. आईने त्याला चहा दिला, तोही त्याने अर्ज पुरा झाल्यावरच घेतला. फेरमोजणी झाली आणि फरकाची रक्कम मिळाली. त्याने खिशातून एक रुपयाही दिला नव्हता. जे आमच्या हक्काचे होते तेच मिळवून दिले होते. आमच्या घरातले मत त्या फरकाच्या रकमेने कायमचे ठरले. आबासाहेबांचे, म्हणजे गणपतरावांचे, मोठेपण मी यात मानतो की, असे अर्ज लिहिता येणारी माणसे त्यांच्या पक्षाने गावोगाव उभी केली.

पुण्यात स्थायिक झालेले आमचे दाजी प्रत्येक लग्नकार्यात मला ऐकवतात की, पन्नास वर्षे एकच आमदार असून तालुका दुष्काळीच राहिला. त्यांना माझे सांगणे आहे की सांगोला पर्जन्यछायेत आहे, आणि कृष्णेचे पाणी वर उचलून आणायचे तर निधी राज्य सरकार देते, विरोधी आमदार देत नाही. त्या पाण्यासाठी वाळव्याचे स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी यांच्या बरोबरीने तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा घेणाऱ्यांत आबासाहेब होते. कापूस न पिकणाऱ्या सांगोल्यात सहकारी सूतगिरणी उभी राहून चालली. 1990 साली फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली गेली तेव्हा आमच्या माळरानावर डाळिंब आले, आणि त्याच डाळिंबाच्या पैशातून दाजींच्या लग्नात आम्ही मानपान केला, हे ते विसरतात.

तरुण उमेदवाराने म्हणून आधी मोजमाप पुस्तक आणि सातबारा वाचायला शिकावे. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खर्च करू नये. तालुक्याबाहेर राहून विकासाचे हिशेब मांडणाऱ्यांचे फार मनावर घेऊ नये.

अर्थात काही गोष्टी दाजींच्याही बाजूने आहेत. पाणी फार उशिरा आले, तेल्या रोगाने डाळिंबाच्या कित्येक बागा काढाव्या लागल्या, आणि आजूबाजूच्या तालुक्यांत पक्ष वाढला नाही. 2019 मध्ये वयामुळे ते थांबले, तेव्हा उमेदवारी नातवाला मिळाली आणि जागा थोडक्यात गेली. 2024 साली दुसऱ्या नातवाने ती परत मिळवली. दोघांविषयी माझी तक्रार नाही, तरी 2019 ची उमेदवारी अर्ज लिहीत म्हातारा झालेल्या एखाद्या कार्यकर्त्याला मिळायला हवी होती, असे माझे ठाम मत आहे.