एकट्याने गाडी घेऊन कोकण किनाऱ्याने निघालो तर निसर्गाचे चांगले फोटो कसे काढता येतील?

तुम्ही लिहिलंय की नोव्हेंबरात आठवडाभर रजा आहे, पुण्याहून एकटेच गाडी घेऊन कोकण किनाऱ्याने फिरायचंय, हाताशी किट लेन्सवाला जुना डीएसएलआर आणि फोन आहे. कुठली ठिकाणं गाठावीत आणि नवी लेन्स घ्यावी का, असा प्रश्न आहे. लेन्स नको. कॅमेऱ्यासोबत आलेली 18-55 ची किट लेन्स पुरते. तेवढ्या पैशात एक दणकट ट्रायपॉड आणि एक सीपीएल फिल्टर (लेन्सवर लावायची, चकाकी कमी करणारी काच) घ्या. ठिकाणांची यादी मात्र मी लगेच देत नाही, कारण कोकणात तुम्ही कुठे उभे आहात याच्याइतकंच किती वाजता आणि कोणत्या तिथीला उभे आहात यालाही महत्त्व असतं. आठवडाभरात वीस ठिकाणं 'करणारे' लोक घरी येतात तेव्हा त्यांच्याकडे दुपारी एकचे वीस फोटो असतात.

आधी दिशा ठरवा. बहुतेक जण अलिबागहून सुरुवात करून खाली मालवणकडे सरकतात. एकट्याने जाताना हे उलट करा. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतो. उत्तरेकडून दक्षिणेला जाताना समुद्र उजव्या हाताला येतो, म्हणजे थांबायचं तर दर वेळी समोरून येणाऱ्या गाड्यांना आडवं जायचं, नाहीतर गाडी एका कडेला आणि फोटो दुसऱ्या कडेला. शेजारी बसून "मागे ट्रक आहे, थांब" म्हणणारं कुणी नसतं. दक्षिणेकडून वर आलात की समुद्र तुमच्याच कडेला असतो, जागा दिसली की सरळ डावीकडे घेता येतं. कुणी म्हणेल की खाली जाताना चालकाच्या खिडकीतून समुद्र जास्त छान दिसतो. दिसतो ना, पण एकट्या चालकाने तो बघायचा नसतो! तेव्हा पुण्याहून महामार्गाने कोल्हापूर, निपाणी, पुढे आजरा, आंबोली, सावंतवाडी करत वेंगुर्ला गाठा. पहिला दिवस त्यातच जाईल. आंबोलीत संध्याकाळ सापडली तर लेन्स 55 वर नेऊन, म्हणजे पूर्ण झूम करून, डोंगरांच्या एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या रांगा घ्या. घाटात वाइड लेन्सने सगळं लहान आणि लांब दिसतं.

तिथून सागरी महामार्गाने वर या: निवती, मालवण, आचरा, कुणकेश्वर, देवगड, विजयदुर्ग, आंबोळगड, कशेळी, पावस, रत्नागिरी, आरे-वारे, गणपतीपुळे, जयगड. पुढे खाड्या आडव्या येतात आणि गाडीसकट जंगलजेटीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत, चढावं लागतं. जयगडहून तवसाळ, धोपाव्याहून दाभोळ, वेसवीहून बागमांडले, दिघीहून आगरदांडा. यातली प्रत्येक फेरी रस्त्याचा मोठा वळसा वाचवते, आणि खाडीच्या मधोमध उभं राहून दोन्ही काठ बघायची संधी आयती मिळते. फक्त शेवटची फेरी किती वाजता सुटते ते सकाळीच धक्क्यावर फोन करून किंवा मुक्कामाच्या घरी विचारून घ्या. सूर्यास्त एका काठावर आणि जेवण दुसऱ्या काठावर, असं गणित ठेवलंत तर एकावर पाणी सोडावं लागतं.

आता मुख्य गोष्ट, भरती-ओहोटी. ॲपवर वेळा मिळतात, पण किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशोब जास्त सोयीचा आहे, कारण तो घरबसल्या कॅलेंडर बघून करता येतो. तिथीचा आकडा पाऊणपट करायचा, जे उत्तर येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी 6 च्या आसपास भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि मध्यरात्री भरती, आणि त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. तासाभराचा फरक धरून चाला. रोज वेळ साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून हा पाऊण तासाचा हिशोब जमतो.

फोटोच्या दृष्टीने याचा अर्थ फार मोठा आहे. नोव्हेंबरात सूर्य 6 च्या सुमारास मावळतो. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास गेलात तर नेमकी तेव्हाच ओहोटी असते, तीही उधाणाची, म्हणजे पाणी खूप आत गेलेलं. मैलभर ओली वाळू उघडी पडते आणि तिच्यात अख्खं आकाश उतरतं. बारक्या खेकड्यांनी वाळूच्या गोळ्या टाकून केलेली नक्षी अशाच वेळी मिळते, आणि फोरग्राउंडला तिच्याइतकं छान काही नाही. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट, तिथले लाटांनी कोरलेले खडक, हेसुद्धा ओहोटीलाच बघता येतात. उलट अष्टमीच्या आसपास सूर्यास्ताला भरती असते, वाळूची पट्टी अरुंद होते. त्या दिवसांत सपाट किनारे सोडा आणि कड्यांवर, खडकाळ टोकांवर जा. आंबोळगड, वेळणेश्वर, जयगड ही त्यासाठी बरी.

हेदवीच्या बामणघळीत मात्र गंमत आहे. कातळातल्या चिंचोळ्या भेगेत लाट शिरते आणि पाणी वर उसळतं. सगळ्यात उंच उसळतं ते उधाणाच्या भरतीला, पण उधाणाची भरती नेहमी भर दुपारी नाहीतर मध्यरात्री. मध्यम मार्ग एकादशी-द्वादशीचा. तेव्हा भरती सकाळी 8 ते 9 च्या दरम्यान येते, जोरही बऱ्यापैकी असतो आणि ऊन तुमच्या पाठीमागून थेट पाण्याच्या फवाऱ्यावर पडतं. घळीच्या काठावर जाऊ नका. एकटे असाल तर मुळीच नाही. कातळ शेवाळाने निसरडा असतो आणि सातवी लाट पहिल्या सहांना विचारून येत नाही. लेन्स 55 वर न्या आणि लांबून काढा.

सकाळ लोक वाया घालवतात. समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सूर्योदयाला तिथे काय बघायचं, असा समज आहे. पण ऊन पाठीमागून समोरच्या पाण्यावर पडतं तेव्हाच समुद्राचा खरा निळा-हिरवा रंग कॅमेऱ्यात येतो. संध्याकाळी तेच पाणी फक्त चकाकतं. खाड्यांवर धुकं असतं, होड्या परतत असतात. आणि पौर्णिमेच्या पहाटे उठलात तर पूर्वेला उजाडत असताना पूर्ण चंद्र समुद्रात मावळताना दिसतो. हे दृश्य पश्चिम किनाऱ्यावरच मिळतं, आणि ते टिपायला किनाऱ्यावर बहुधा तुम्ही आणि दोन-चार कुत्री एवढेच असता. त्रिपुरी पौर्णिमा बहुधा नोव्हेंबरात येते. त्या संध्याकाळी एखाद्या गावच्या देवळापाशी असलात तर दीपमाळेसाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता) वाढवा आणि फ्लॅश बंद ठेवा.

दिवसाची आखणी मग सोपी होते. उजाडल्यापासून 9 पर्यंत काम, मग आंघोळ-नाश्ता, 11 ते 4 गाडी चालवणं. या रस्त्यावर ताशी 30 च्या वर सरासरी पडत नाही, त्यामुळे दिवसाला 70-80 किलोमीटर पुष्कळ झाले. दुपारच्या भगभगीत उन्हात चालवताना नजर संध्याकाळची जागा शोधत असू द्या. जागा आवडली की गाडी नीट बाजूला घेऊन फोनच्या नकाशावर खूण करा. चालत्या गाडीतून नाही, वळणावर नाही, घाटात तर नाहीच नाही. 3-4 वाजता मुक्कामी सामान टाकून त्यातल्या एकाच जागेवर परत या. सूर्यास्ताच्या तासभर आधी तिथे असायला हवं.

नोव्हेंबरात सूर्य नेमक्या पश्चिमेला मावळत नाही, वीसेक अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. हर्णे बंदरावरून सुवर्णदुर्गाच्या मागे सूर्य पकडायचा असेल तर हे ध्यानात ठेवून उत्तरेला पाजपंढरीच्या अंगाला सरकून पाहावं लागेल. नकाशावर आधी रेघ मारून बघा. आणि सूर्य बुडाला की सगळी गर्दी गाड्यांकडे वळते, तेव्हा तुम्ही हलू नका. आकाश खरं रंगतं ते त्यानंतर 10 ते 20 मिनिटांनी. आपल्याकडे संधिप्रकाश लवकर सरतो, त्यामुळे ट्रायपॉड तोवर लागलेला हवा.

वाटेत एका गोष्टीसाठी मात्र ठरलेला बेत मोडा: कातळशिल्पं. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, जांभ्यात कोरलेली ही चित्रं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा प्रचंड हत्ती तुमच्या रस्त्यालगतच आहे, देवाचे गोठणे थोडं आत. दुपारी गेलात तर नुसता लाल-काळा दगड दिसतो, कारण कोरलेल्या रेषा उथळ आहेत. ऊन तिरपं झालं की प्रत्येक रेषेत सावली भरते आणि आकृती उठून येते. म्हणून सकाळी लवकर किंवा 5 नंतर. रेषा दिसाव्यात म्हणून खडू फिरवणं, पाणी ओतणं असले प्रकार करू नका, आणि चित्रावर पाय देऊ नका. नोव्हेंबरात सड्यावरचं गवत सोनेरी झालेलं असतं, ते वेगळंच काढा.

कॅमेऱ्याचं फार सांगत नाही. रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, ॲपर्चर एफ 8 ते 11, आयएसओ 100, टायमर 2 सेकंदांवर. लाटांचे फराटे हवे असतील तर शटर अर्धा ते एक सेकंद, त्याहून जास्त केलंत तर समुद्राचा धुरळा होतो आणि मला तो आवडत नाही. मालवण-तारकर्लीच्या पांढऱ्या वाळूत कॅमेरा फोटो काळवंडतो, एक्सपोजर थोडं वर घ्या. सीपीएल माडाच्या, आंब्याच्या पानांवरची चकाकी काढतो आणि हिरवा रंग खुलतो, पण ओल्या वाळूतलं प्रतिबिंबही तोच खाऊन टाकतो, तेव्हा ओहोटीच्या संध्याकाळी तो काढून ठेवा. फोनवर आकाशाला बोटाने दाबून एक्सपोजर लॉक करा आणि थोडं खाली ओढा.

कोकणातला खरा शत्रू दमट हवा. एसी गाडीतून कॅमेरा बाहेर काढला की लेन्सवर बाष्प धरतं आणि नेमका सूर्यास्त पुसण्यात जातो. बॅग डिकीत ठेवा आणि पोहोचण्याच्या अर्धा तास आधी एसी बंद करून काचा खाली करा. खारा तुषार कोरड्या कापडाने पुसू नका, काचेवर ओरखडे येतात. गोड्या पाण्यात किंचित ओलं केलेलं कापड आधी, मग कोरडं. रोज रात्री ट्रायपॉडचे पाय नळाखाली धुवा, नाहीतर चौथ्या दिवशी ते उघडणार नाहीत.

एकटे आहात म्हणून एवढं करा: संध्याकाळी कुठे जाताय ते घरमालकीण काकूंना सांगून जा. रात्री उशीर होणार असेल तर जेवणाचं दुपारीच कळवा, कारण गावात 9 नंतर काही मिळत नाही. हर्ण्याच्या मासळी लिलावात किंवा जाळं ओढणाऱ्यांचे फोटो काढायचे तर आधी "दादा, फोटो काढू का?" विचारा, नाही म्हणाले तर कॅमेरा खाली. ड्रोन आणायचा विचार असेल तर सोडा. बंदरं, तटरक्षक दल, चिपीचा विमानतळ आणि संरक्षित किल्ले यांमुळे परवानग्यांचा गुंता मोठा आहे. किल्ल्यांवर तर ट्रायपॉडलाही परवानगी मागतात.

शेवटचे दोन दिवस रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यासाठी राखा. वाटेत मिठबाव किंवा आचरा सुटलं तरी चालेल, पण श्रीवर्धनहून आरावी, शेखाडीमार्गे दिवेआगरला जाणारा रस्ता सोडू नका. तो बराचसा पाण्याला लागूनच जातो आणि वर येताना समुद्र डावीकडे असल्याने हवं तिथे थांबता येतं. पेट्रोल श्रीवर्धनलाच भरून घ्या आणि 4 ला निघा.