नजर आणि वाट चुकणं: डोळ्यांचे दवाखाने पालथे घालू नकोस

भावा, तू लिहिलंयस, तुझा धाकटा भाऊ स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या गोळ्यांवर आहे, बोलताना भलतीकडेच बघतो, रोजच्या गल्लीत चुकतो, चष्मा बदलूनही फरक नाही आणि घरचे म्हणतात नाटक करतोय. वाचताना वाटलं, आमच्याच घरातनं कुणी लिहिलंय. माझी बहीण अशीच. कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळात महाद्वारातनं आत जाते, घाटी दरवाजातनं बाहेर पडली की दिशाच फिरते, चपला कुठं काढल्या ते आठवत नाही. जन्म शिवाजी पेठेत गेलाय तिचा!

मी डॉक्टर नाही, पण दुखणं डोळ्यांचं नव्हे. या आजारात हलत्या वस्तूमागं नजर सलग सरकत नाही, अडखळते, हे १९०८ सालीच नोंदलं गेलंय. १९७० च्या दशकात होल्झमन या संशोधकांना रुग्णांच्या निरोगी नातेवाइकांपैकी काहींतही तेच दिसलं. नाटक म्हणणाऱ्यांना हे सांगच. १९९२ मध्ये पार्क आणि होल्झमन यांनी रुग्णांना ठिपका दाखवून घालवला आणि थोड्या वेळानं तो होता तिथं बघायला सांगितलं. ठिपका समोर असला की नजर बरोबर जायची, आठवणीवर न्यायची म्हटलं की चुकायची. जागा मनात धरून ठेवायचं हे काम कपाळामागचा मेंदू करतो. मात्र नजरेच्या असल्या तपासणीवरनं निदान होत नाही. कुणी त्यासाठी पैसे मागितले तर सरळ उठून ये.

आमचा जीव खाल्ला तो अपंगत्वाच्या दाखल्यानं. कुठलं ऑफिस ते विचारू नकोस. खिडकीतला माणूस म्हणाला, "चालती-बोलती हाय की, कसलं अपंगत्व?" बहीण भिंतीकडं बघत होती, तर म्हणे नजर देत नाही, पढवून आणलीय. आजारात नजरेचं असं होतं म्हटल्यावर "मग डोळ्यांच्या विभागाचं पत्र आणा." आणलं. त्यात दृष्टी उत्तम! तेच पत्र फाइलला टाचून अर्ज परत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार वेगळा धरलाय, हे त्यांना मी शिकवायचं?

म्हणून माझं मत (तुमच्याकडं वेगळा अनुभव असेल तर असो): अर्जात 'डोळे' हा शब्दच नको. मानसिक आजारातल्या अपंगत्वाचं मोजमाप 'आयडियाज' नावाच्या सरकारमान्य मोजपट्टीवर होतं. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं, काम, वर आजाराची वर्षं. ४० टक्के किंवा जास्त भरले तर सवलती. तेव्हा एकट्याला केएमटीनं (शहर बसनं) पाठवता येत नाही, आंघोळीला मागं लागावं लागतं, असं रोजचं लिही आणि मानसोपचारतज्ज्ञांचे जुने कागद जोड.

घरात किल्लीला एकच खिळा, बाजाराला एकच रस्ता. 'जवळचा' रस्ता शिकवायला जाऊ नकोस. आणि हो, डोळे वर जाऊन तिथंच अडकले तर ते हे नव्हे. तो बहुतेकदा गोळ्यांचा परिणाम असतो, औषधानं सुटतो. ताबडतोब दवाखान्यात ने, पण गोळ्या आपल्या मनानं बंद करू नकोस.