बदाम-पिस्त्याचे मिठाईवाल्यासारखे पातळ काप घरी कसे करायचे? ड्रायफ्रूट स्लायसर घेण्यात अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की सुरीने बदाम कापायला गेलं की तुकडे ओट्यावरून खाली उडतात, मिक्सरला लावला की भुगा होतो, आणि कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर पन्नासेक माणसांच्या मसाला दुधाची जबाबदारी तुमच्यावर आली आहे. मी दादरला राहते आणि सणासुदीला घरून श्रीखंड, बर्फी, मोदकांच्या ऑर्डरी घेते. काप करणं हे माझं नेहमीचंच काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्लायसरचं नंतर बघू. आधी बदाम भिजवा. निम्म्याहून जास्त काम तिथेच होतं.

कोरड्या बदामात पाणी जेमतेम चार-सहा टक्के असतं आणि जवळजवळ निम्मं वजन तेलाचं. असा बदाम कडक असतो, पण ठिसूळ. सुरीचं पातं आत शिरतं तसं ते पाचरीसारखं काम करतं, आणि काप सुटण्याआधीच बदाम फुटतो. म्हणून तुकडे उडतात. त्यात तुमच्या हाताचा दोष नाही. तोच बदाम गरम पाण्यात राहिला की थोडा लवचीक होतो आणि पात्याला वाट देतो. कारखान्यातसुद्धा बदामाचे काप करायच्या आधी त्याला वाफ किंवा ओलावा देतात, मग पात्याखाली घालतात आणि शेवटी वाळवतात. आपण घरी तेच करायचं.

पाणी चांगलं खळखळून उकळू द्या, गॅस बंद करा, बदाम टाका आणि झाकण ठेवा. नुसतं साल काढायचं असेल तर एक-दोन मिनिटं पुरतात, पण काप करायचे असतील तर मी दहा-पंधरा मिनिटं तसेच ठेवते. मग गार पाण्यातून काढून चिमटीत दाबला की बदाम सालातून सुळकन बाहेर येतो. (तोंड भांड्याच्या आतल्या बाजूला ठेवून दाबा, नाहीतर तो थेट फ्रीजखाली जातो.) फडक्याने पुसून घ्या आणि कोमट असतानाच कापायला बसा. पूर्ण गार झाला, वरून वाळला, की पुन्हा अडायला लागतो. म्हणून सगळे एकदम सोलू नका. मूठभर सोला, तेवढे कापा, बाकीचे कोमट पाण्यातच राहू द्या.

रात्रभर भिजवलेले चालतात का? चालतात, कापायला तर फारच सोपे जातात. पण ते फुगून येतात, पाणी खूप पितात आणि मग वाळता वाळत नाहीत. मुंबईच्या हवेत तर नाहीच. भिजवायचेच असतील तर फ्रीजमध्ये भिजवा. आपल्याकडे उकाड्यात रात्रभर बाहेर राहिलेल्या बदामाला सकाळी वास यायला लागतो.

आता सुरी. मोठी, जड, जाड पात्याची सुरी या कामाला नको. पातं जितकं जाड तितकी पाचर मोठी. प्लॅस्टिकच्या मुठीची, पातळ पात्याची, बोटभर लांब साधी सुरी सगळ्यात बरी. मात्र तिला धार हवीच. गल्लीत धारवाला आला की कात्रीबरोबर हीसुद्धा देऊन टाका. तो येत नसेल तर चिनीमातीचा कप पालथा घाला. बुडाला जी बिनचकाकीची खरखरीत कड असते, तिच्यावर पातं थोडं तिरकं धरून दोन्ही बाजूंनी सात-आठदा ओढा. टोमॅटोची साल न दाबता कापली गेली की सुरी तयार.

बदामाला दोन फाका असतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. साल काढल्यावर कडेने एक बारीक रेघ दिसते. त्या रेघेत सुरीचं टोक घालून हलकेच पिरगाळलं की फाका वेगळ्या होतात. आता फाक सपाट बाजूने बोर्डवर ठेवा, म्हणजे ती हलणार नाही. निम्म्या चुका इथेच होतात, कारण लोक अख्खा गोल बदाम तसाच कापायला जातात आणि तो सुरीखालून घरंगळतो. डाव्या हाताच्या बोटांची टोकं आत दुमडून फाक धरा, सुरीचं टोक बोर्डला टेकलेलं ठेवा आणि मागची बाजू खाली आणा. वरून ठोकायचं नाही, किंचित पुढे सरकवत कापायचं. लांबीच्या दिशेने कापलंत तर श्रीखंड-बर्फीवर घालतात तशा लांब सुया मिळतात, आडवं कापलंत तर छोटे अर्धगोल काप. विकत मिळणारे रुंद, पारदर्शक, बदामाच्याच आकाराचे काप हवे असतील तर फाका वेगळ्या करायच्या नाहीत. बदाम कडेवर उभा धरून चपट्या बाजूला समांतर कापत जायचं. सुरीने एका बदामाचे असे चार-पाच काप निघाले तरी हात बसला म्हणायचं.

बदाम कोणता घेता यावरही बरंच अवलंबून आहे आणि याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. मामरा महाग, तेलाने भरलेला, चवीला उत्तम, पण आकाराने वेडावाकडा, होडीसारखा वळलेला. कापांसाठी तो घेणं म्हणजे पैसे वाया. गुरबंदी फारच लहान. काप करायला साधा कॅलिफोर्निया बदामच घ्या. तो लांबट आणि चपटा असतो, पृष्ठभाग गुळगुळीत आणि साल पटकन सुटतं. तिकडे कापांसाठी ‘नॉनपरेल’ नावाची जात मुद्दाम वापरतात ती याच गुणांमुळे. मशीद बंदरला किंवा क्रॉफर्ड मार्केटात गेलात तर दुकानदार आधी मामरा दाखवेल. त्याला सरळ सांगा, काप करायचेत, मोठा आणि चपटा द्या. तुटके, टोकं उडालेले बदाम स्वस्त मिळतात, ते मसाल्याच्या पुडीला घ्या, कापांना नको.

पिस्त्याचं तंत्र तेच, फक्त नाजूक. बिनमिठाचा, कवच काढलेला हिरवा पिस्ता घ्यायचा. खारवलेला घेतलात तर दुधात मीठ जाईल. उकळत्या पाण्यात एखादं मिनिट, लगेच गार पाण्यात. जास्त वेळ राहिला तर हिरवा रंग मळकट होतो आणि पिस्त्याची सगळी शान त्या रंगातच आहे. फडक्यात घालून चोळलं की जांभळट साल सुटतं. उरलेलं नखाने काढा, कंटाळवाणं काम आहे पण इलाज नाही. उभेच कापा, आडवे कापलेले पिस्ते मिरचीच्या चकत्यांसारखे दिसतात.

काजू मुळातच मऊ, तो कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून फाका करून कापला की झालं. अक्रोडाच्या वाटेला जाऊ नका. त्याला धड सपाट बाजूच नाही, हातानेच तोडा.

आता यंत्रांकडे वळू. तुम्ही ज्याबद्दल विचारलंय ते ड्रायफ्रूट स्लायसर म्हणजे मिरपूड दळायच्या चक्कीसारखा एक डबा. वरून बदाम भरायचे, दट्ट्याने दाबायचं, मूठ फिरवायची आणि आतलं पातं रंध्यासारखं एकेक पापुद्रा काढतं. रानडे रोडवर फेरीवाल्याकडेही दिसतं आणि ऑनलाइन तर ढिगाने आहे. माझ्याकडे आहे. वाईट नाही, पण त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते कळलं पाहिजे. आत बदाम उभे-आडवे-तिरके कसेही पडतात, त्यामुळे काप पातळ येतात पण एकसारखे येत नाहीत. शिवाय थोडा चुरा होतोच. चाळणीतून चाळा, वरचे काप सजावटीला, खालचा चुरा खिरीत. दट्ट्या तळापर्यंत पोचत नसेल तर शेवटचे दोन-तीन बदाम आतच घरघर फिरत राहतात. म्हणून घेताना आधी दट्ट्या पूर्ण खाली जातो का बघा, पातं स्टीलचं आणि सुटं होणारं आहे का बघा. सुटं होत नसेल तर तेलकट चुरा आतल्या फटीत अडकून राहतो आणि पुढच्या वेळी उघडलंत की खवट वास येतो.

यात एक गंमत अशी की स्लायसरला चांगला भिजलेला बदाम चालत नाही, पात्याला लगदा चिकटतो. इथे बदाम सालासकट, कोरडाच, पण गरम हवा. तव्यावर मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परतून किंवा मायक्रोवेव्हमध्ये अर्धा मिनिट ठेवून लगेच आत टाका. गरम असताना बदाम जरा नरमतो आणि कमी तुटतो. कडांना सालाची तपकिरी रेघ राहते, पण मसाला दुधात ती छानच दिसते.

चिप्स करायच्या सपाट स्लायसरवर बदाम घासू नका. बदाम एवढासा, पातं तिथेच, आणि बदाम संपतो तिथे बोट सुरू होतं. फिरवायची ड्रमवाली किसणी घरात असेल तर तिचा काप करायचा ड्रम लावून बघा, जास्त मालाला ती स्लायसरपेक्षा भरभर चालते. मिक्सर तर विसराच. पल्सवर एकेक झटका दिलात तरी खालचे पीठ होतात आणि वरचे अख्खे राहतात. पुढे फिरवलंत तर तेल सुटून गोळा.

आपल्या जुन्या आयुधांबद्दलही सांगते. विळीवर बदाम सुरीपेक्षा छान कापले जातात, कारण पातं स्थिर असतं, दोन्ही हात मोकळे असतात आणि बदाम पात्याकडे न्यायचा असतो. माझ्या सासूबाई गप्पा मारता मारता वाटीभर काप करायच्या. पण खाली बसून विळी चालवायची सवय नसेल तर या निमित्ताने शिकायला जाऊ नका. अडकित्ता मात्र कोणाच्या घरात पडला असेल तर जरूर काढा. सुपारीसारख्या कठीण गोष्टीचे कागदासारखे काप करायला बनवलेली वस्तू आहे ती. भिजवून सोललेला बदाम त्यात उभा धरून टोकाकडून थोडा थोडा पुढे सरकवायचा. कोरडा घातलात तर कडकन दोन तुकडे, ओला घातलात तर सुरेख चकत्या. पितळी शोभेचा नको, लोखंडी पात्याचा आणि बिजागरी घट्ट असलेला हवा.

काप झाले म्हणजे काम संपलं असं समजू नका. ओले काप तसेच डब्यात भरले तर दुसऱ्या दिवशी चिकट होतात आणि मग बुरशी. श्रीखंडावर ओले काप घातले तर त्यांच्याभोवती पाणी सुटतं. पातळ सुती कापडावर पसरून पंख्याखाली दोन-तीन तास ठेवा, मग ओव्हनमध्ये शंभर अंशांवर दहा-पंधरा मिनिटं, रंग बदलू न देता. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर, हात सतत फिरता ठेवून. पातळ कापांच्या कडा बघता बघता लाल होतात, त्यामुळे फोन आला तर आधी गॅस बंद करा. पिस्त्याला उष्णता त्याहून कमी द्या. एक काप चिमटीत मोडून बघा, कट्‌ आवाज आला पाहिजे. पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद करायचा.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर नुसत्या पंख्याने काही वाळत नाही, उलट वाळलेलंही सादळतं. या दिवसांत उघड्या पाकिटातला बदाम आपोआप थोडा नरम पडतो आणि न भिजवताही बऱ्यापैकी कापला जातो, एवढाच काय तो पावसाचा फायदा! पण काप केले की तेल उघडं पडतं, हवा जास्त लागते आणि अख्ख्या बदामापेक्षा काप कितीतरी लवकर खवट होतात. आठवड्याभरात संपणार नसतील तर फ्रीजरमध्ये ठेवा.

तयार बदाम कतरण, पिस्ता कतरण मिळते की, मग एवढा खटाटोप कशाला? बर्फीची मोठी ऑर्डर असली की पिस्ता कतरण मी विकतच आणते, कारण किलोभर पिस्ता सोलणं हा वेळेचा खून आहे. घेताना चार काप तोंडात टाकून बघा. जिभेच्या मागे कडवट, तेलकट चव राहिली तर माल जुना आहे. रंग फारच गडद, सगळीकडे एकसारखा हिरवा असेल तर तो रंगवलेला असू शकतो. चमचाभर कोमट पाण्यात टाका, पाणी लगेच हिरवं झालं तर उचलू नका. बदाम मात्र मी घरीच कापते, ताज्या कापाची चव वेगळीच लागते.

तुमच्या कोजागिरीसाठी हिशेब असा: पन्नास माणसांना दहा लिटर दूध धरा. बदामाचा मोठा वाटा दुधाच्या मसाल्यात भरड होऊन जाणार आहे, तिथे काप कसलेही चालतात, नसले तरी चालतात. वर घालायला शंभर ग्रॅम बदाम आणि पन्नास ग्रॅम पिस्ते पुष्कळ झाले. शंभर ग्रॅम म्हणजे साधारण ऐंशी बदाम. दोघी बसलात तर तासाभरात सुरीनेच उरकतं, एवढ्यासाठी स्लायसर घ्यायची गरज नाही. आदल्या दिवशी करून वाळवून ठेवा. आणि काप पातेल्यात घालू नका, उकळत्या दुधात ते मऊ पडून तळाशी बसतात आणि शेवटच्या दहा जणांच्या पेल्यात सगळे जातात. पेले भरल्यावर वरून चिमूटभर घाला.