इटालिक म्हणजे तिरकं नव्हे

कोल्हापुरातल्या एका विज्ञान शिक्षिकेने विचारलंय : 'प्रश्नपत्रिकेतल्या सूत्रांसाठी डीटीपीवाल्याला "इटालिक" सांगू की "तिरकं"? देवनागरी अक्षरंही तशीच करायची का?'

बाई, 'तिरकं' मुळीच सांगू नका. तेवढं ऐकलं की तो अख्खी ओळ कलती करतो, एककांसकट. भौतिक राशीचं चिन्ह इटालिक, एककाचं सरळ, एवढा साधा नियम आहे. इटालिक एम म्हणजे वस्तुमान, सरळ एम म्हणजे मीटर. त्रिकोणमितीतल्या 'साइन'ची तिन्ही अक्षरंही सर्रास इटालिक छापतात. मग प्रत्येक अक्षर वेगळी राशी ठरून ते एस गुणिले आय गुणिले एन होतं!

मुळात हा शब्द देशावरून आलाय, त्याचा तिरकेपणाशी संबंध नाही. व्हेनिसचा मुद्रक आल्दुस मानुत्सिउसने १५०१ साली रोमन कवी व्हर्जिलची काव्यं छापली ती फ्रांचेस्को ग्रिफोने कोरलेल्या नव्या खिळ्यांत, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांत. नमुना होता इटलीतल्या विद्वानांच्या झरझर हस्ताक्षराचा. आणि त्यातली कॅपिटल अक्षरं चक्क सरळ उभी होती! 'तिरपा ठसा' असा प्रतिशब्द सुचवणाऱ्यांनी ते पान पाहिलेलं दिसत नाही.

माझ्या मते इटालिकचं खरं नातं मोडीशी. आधी शिरोरेघ ओढून घ्यायची, मग होता होईल तो बोरू न उचलता अक्षराला अक्षर जोडत जायचं. मोडी हे नाव मोडण्यावरूनच आलं, वेगापायी अक्षर मोडून वळवण्यावरून. ते 'मौर्यी'वरून काढणाऱ्यांनी आणि हेमाडपंतांनी ही लिपी लंकेहून आणली म्हणणाऱ्यांनी एकदा कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातला कागद पुढ्यात घेऊन चार ओळी गिरवाव्यात. हात आपोआप कुठे मोडतो ते कळेल. मिशनरी विल्यम केरीचा मराठी कोश १८१० साली श्रीरामपूरला, बंगालमधल्या, नगरच्या नव्हे, मोडी खिळ्यांत छापला गेला. धावतं हस्ताक्षर धातूत ओतायचं, व्हेनिसला झालं तेच इथं झालं. म्हणून इटालिकला मराठी शब्द हवाच असेल तर 'मोडी वळण' म्हणा.

बाळबोध, म्हणजे देवनागरी, अक्षराचं असं वळण संगणकात सहसा नसतं. तो अक्षर नुसतं बाजूला ढकलतो. शिरोरेघ आडवीच राहते, काने तेवढे कलंडतात. तेव्हा सूत्रातला 'क्ष' सरळच ठेवा आणि डीटीपीवाल्याला सांगा, इटालिक फक्त रोमन लिपीतल्या राशींना. आणि हो, आकडा आणि एकक यांच्यात जागा सोडायला लावा.