जाहिरात सर्वांसाठी असते, पण उचलून न्यायला नाही

प्रश्न : वापरलेले कॅमेरे आणि लेन्स विकणाऱ्यांच्या जाहिराती मी तीन-चार संकेतस्थळांवरून आणि वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिरातींतून गोळा करून माझ्या संकेतस्थळावर टाकतो. मजकूर, फोटो, फोन नंबर जसेच्या तसे, खाली मूळ ठिकाणाचं नाव. कुणाकडूनही पैसे घेत नाही. मध्यंतरी एका संकेतस्थळाने माझा आयपी पत्ता (इंटरनेटवर माझी जोडणी ओळखायचा क्रमांक) बंद केला, म्हणून तो पत्ता लपवणारं व्हीपीएन लावून काम चालू ठेवलं. आता त्यांच्या वकिलांची नोटीस आली आहे : 'आमच्या जाहिराती' सात दिवसांत काढा आणि नुकसानभरपाई द्या. त्यातच एका जाहिरातदाराने फोन करून झापलं. त्याची लेन्स दोन महिन्यांपूर्वीच विकली गेली, तरी फोन थांबत नाहीत. जाहिरात लोकांनी पाहावी म्हणूनच देतात ना? मग माझं चुकलं कुठे?

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात महागात पडू शकणारं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. ते व्हीपीएनचं. त्याकडे येतोच, पण आधी नोटिशीत जिथे हवा भरलेली आहे ती जागा दाखवतो.

'आमच्या जाहिराती' म्हणजे कुणाच्या? मजकूर विकणाऱ्याने लिहिला, फोटो त्यानेच काढला. कॉपीराइट असलाच तर तो त्याचा. संकेतस्थळाकडे असतो तो बहुतेक वेळा वापराचा साधा परवाना, आणि साध्या परवान्याच्या जोरावर स्वतःच्या नावाने कॉपीराइटभंगाचा दावा लावता येत नाही. त्यासाठी हक्क लेखी हस्तांतरित झालेला हवा किंवा परवाना अनन्य, म्हणजे फक्त त्यांनाच दिलेला, हवा. अमेरिकेत क्रेगलिस्ट या छोट्या जाहिरातींच्या संकेतस्थळाने थ्रीटॅप्स या कंपनीवर 2012 मध्ये दावा लावला, तेव्हा नेमका हाच पेच झाला. थ्रीटॅप्स तुमच्यासारखंच, फक्त फार मोठ्या प्रमाणावर, जाहिराती उचलून इतरांना पुरवत होती. जाहिरातदारांकडून अनन्य परवाना घेणारी अट क्रेगलिस्टने त्या उन्हाळ्यात जेमतेम तीन आठवडे ठेवली होती. न्यायालयाने सांगितलं, त्या तीन आठवड्यांतल्या जाहिरातींपुरतं बोला, बाकीच्यांवर तुमचा कॉपीराइट नाही. म्हणून नोटीस पाठवणाऱ्या संकेतस्थळाच्या अटी-शर्ती आजच उतरवून ठेवा, तारखेसह. त्या उद्या बदललेल्या असू शकतात.

दुसरं, वस्तुस्थितीवर कॉपीराइट नसतो. 'पन्नास एमएमची लेन्स, दोन वर्षं वापरलेली, खोका आहे' ही माहिती कुणाच्याच मालकीची नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये फाइस्ट या प्रकाशकाच्या खटल्यात, त्याने दुसऱ्याच्या टेलिफोन डिरेक्टरीतून उचललेल्या नाव-नंबरांबद्दल हेच म्हटलं : नुसत्या घाम गाळण्याने कॉपीराइट मिळत नाही. (मूळ डिरेक्टरीवाल्यांनी नक्कल पकडायला खोट्या नोंदी पेरल्या होत्या आणि त्यांतल्या चार फाइस्टच्या पुस्तकात सापडल्या. जाहिरातींची संकेतस्थळंही अशी युक्ती करू शकतात. तुमच्याकडे एखादी अस्तित्वातच नसलेली लेन्स विकायला लागलेली आहे का, एकदा बघून घ्या.) आपल्याकडे ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यातही सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ कष्ट पुरेसे नाहीत, कौशल्य आणि निर्णयबुद्धी दिसली पाहिजे, असंच मानलं.

फोटोचं मात्र तसं नाही. फोनवर काढलेला साधा फोटोही कॉपीराइटखाली येतो, आणि तो काढणाऱ्याने तुम्हाला परवानगी दिलेली नाही. त्याला गिऱ्हाईक हवं होतं हे खरं, पण ते कुठे शोधायचं आणि जाहिरात कधी काढून घ्यायची, हे त्याने स्वतःच्या हातात ठेवलं होतं. खाली मूळ ठिकाणाचं नाव दिल्याने परवानगी मिळत नाही. उलट जाहिरात कुठून घेतली, याचा पुरावा तुम्हीच लिहून ठेवता. पैसे घेत नाही, ही गोष्ट भरपाईचा आकडा ठरवताना उपयोगी पडेल, तेवढंच.

युरोपात असता तर आणखी एक भानगड होती. तिथे युरोपीय संघाच्या 1996 च्या निर्देशानुसार माहितीचा संग्रह (डेटाबेस) उभारणाऱ्याच्या गुंतवणुकीलाच पंधरा वर्षांचं स्वतंत्र संरक्षण आहे. 2013 मध्ये वापरलेल्या गाड्यांच्या जाहिराती शोधून दाखवणाऱ्या एका डच संकेतस्थळाला ते भोवलं. 2021 मध्ये नोकरीच्या जाहिरातींच्या प्रकरणात युरोपीय संघाच्या न्यायालयाने ते जरा सैल केलं : संग्रहाच्या गुंतवणुकीला खरोखर धक्का बसतो का, ते बघा. तुमचं संकेतस्थळ तिकडच्या जाहिराती घेत असेल तर हे ध्यानात ठेवा, नसेल तर विसरा.

आता व्हीपीएन. थ्रीटॅप्सचं घोडं इथेच अडलं. उघड्या संकेतस्थळावर कुणीही येऊ शकतं, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायाधीश म्हणाले, सगळ्यांना दार उघडं आहे, पण तुम्हाला नाव घेऊन मना केलं, पत्र पाठवलं, पत्ते बंद केले, तरी तुम्ही आडवाटेने आलात. 2015 मध्ये दहा लाख डॉलरवर तडजोड झाली. पुढे 2022 मध्ये लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या संकेतस्थळाच्या प्रकरणात अमेरिकेतल्याच अपील न्यायालयाने उघड्या माहितीबाबत बरीच मवाळ भूमिका घेतली, पण माहिती उचलणारी कंपनी त्याच वर्षी अटी मोडल्याच्या मुद्द्यावर हरली. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 43 तर सरळ भाषेत आहे : मालकाच्या परवानगीशिवाय डेटाबेसमधून माहिती उतरवणं किंवा काढून घेणं भरपाईला पात्र. तेच अप्रामाणिकपणे किंवा लबाडीने केलं तर कलम 66, म्हणजे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पत्ता बंद झाल्यावर वेगळा पत्ता लावून आत शिरणं कशात बसतं, यावर मी तुमच्या बाजूने युक्तिवाद करू शकेन. पण तो करायची पाळी न आलेली बरी.

वर्तमानपत्रातल्या चार ओळींत निव्वळ माहिती असते, तिची मला फारशी चिंता नाही. कात्रणाचा फोटो टाकू नका, माहिती आपल्या शब्दांत लिहा.

झापणाऱ्या जाहिरातदाराला मात्र तुम्ही हलक्यात घेताय. त्याचा नंबर त्याने स्वतः जगजाहीर केला होता, त्यामुळे 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातून तुम्ही कदाचित निसटाल. पण 'काढा' म्हटल्यावरही तो तसाच ठेवलात, तर न्यायालयात तुमच्याबद्दलची सहानुभूती संपलीच म्हणून समजा. आज संध्याकाळच्या आत तो नंबर संकेतस्थळावरून काढून टाका आणि त्याला तसं कळवा.

नोटिशीचं म्हणाल तर सात दिवसांची मुदत त्यांच्या वकिलांनी घातली आहे, न्यायालयाने नाही. तरी गप्प बसू नका. त्या संकेतस्थळावरून उचलणं ताबडतोब थांबवा, त्यांच्याकडच्या जाहिराती आपल्या संकेतस्थळावरून काढून टाका, पण त्यांच्या तुमच्याकडच्या जुन्या नोंदी पुसू नका. पुसल्या तर पुरावा नष्ट केल्यासारखं दिसेल. उत्तरात माफी नको, 'मी व्हीपीएन वापरलं' असं तर मुळीच नको. आपले हक्क अबाधित ठेवून, काहीही मान्य न करता जाहिराती काढल्या आहेत एवढं लिहा, आणि प्रत्येक जाहिरातीवर त्यांचा हक्क कशाने आला, ते कागदानिशी विचारा. भरपाईच्या आकड्याबद्दल अवाक्षर नको.

संकेतस्थळ बंद करायची गरज नाही. वस्तूची माहिती तुमच्या शब्दांत एका ओळीत, मूळ जाहिरातीचा दुवा, फोटो आणि नंबर नाही. फोटो हवाच असेल तर विकणाऱ्याला विचारा. लेन्स खपवायची असलेला माणूस सहसा नाही म्हणत नाही, आणि त्याचं लेखी 'हो' जपून ठेवा. उत्तर धाडण्यापूर्वी मसुदा मला पाठवा. सोबत पत्ता कधी बंद झाला, व्हीपीएन कधी लावलं आणि नोटीस कधी हाती पडली, या तीन तारखा वेगळ्या कागदावर लिहून द्या.