पायाने अधू झालेल्या कोंबडीला आंघोळ घालावी का? घातली तर कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात घरामागे सात-आठ गावठी कोंबड्या आहेत, त्यातली एक तलंग (तरणी कोंबडी) काही आठवड्यांपासून पायावर उभी राहत नाही. दाणापाणी नीट घेते, पण बसल्या जागी शीट टाकते आणि मागून पार माखून निघते. तिला आंघोळ घातली तर चालेल का, आणि पुढे सांभाळायची कशी?

चालेल. फक्त अख्खी कोंबडी भिजवायची वेळ क्वचितच येते. तिचं बूड धुवायचं, माखलं की त्याच दिवशी धुवायचं, आणि धुण्याला लागेल त्याच्या दुप्पट वेळ वाळवण्याला द्यायचा. उठता न येणाऱ्या कोंबडीची निम्मी सेवा एवढ्यात आली.

मी सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातली. २०१९ मध्ये आमच्याकडे कडकनाथचा बाजार एकाएकी उठला आणि गावोगावी त्या काळ्या कोंबड्यांना कुणी वाली उरला नाही. त्यातल्या काही आमच्या दारात आल्या, आणि एकीचे पुढे दोन्ही पाय गेले. बसल्या बसल्या ती बरीच जगली, मधूनमधून अंडंही द्यायची. खाली लिहिलंय ते बरंचसं तिच्यापायीच शिकले.

आंघोळीआधी पाय कशाने गेला हे बघा, कारण काही वेळा आंघोळ हा प्रश्नच नसतो. तलंगेच्या वयात एक पाय पुढे आणि एक मागे असा फाकून पडला असेल तर पहिला संशय मरेक्स रोगाचा. हा विषाणू पिसांच्या मुळाशी झडणाऱ्या कोंड्यातून पसरतो. त्याची लस पिल्लू अंड्यातून निघालं की पहिल्याच दिवशी हॅचरीत टोचतात. आपल्या दारात खुडूक कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांना ती कोण टोचणार? त्यावर औषध नाही. माणसाला त्याची बाधा होत नाही. बाकीच्या कोंबड्यांच्या अंगात तो एव्हाना गेला असणार, पण म्हणून सगळ्याच पडतील असं नाही. पायाची बोटं आत मुडपली असतील आणि पक्षी लहान असेल तर बी-२ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते, ती वेळेत सापडली तर भरून निघते. तळव्याला सूज आणि मध्ये काळी खपली दिसली तर पंजात पू झालाय, तो डॉक्टरांकडून काढून घ्यायचा. आणि मान पिरगळली, हिरवी पातळ शीट, एकापाठोपाठ एक माना टाकतायत असं असेल तर ती मानमोडी, म्हणजे राणीखेत. तिथे आंघोळ वगैरे सोडा, आजारी पक्षी लगेच वेगळा करा आणि जनावरांच्या दवाखान्यात कळवा. एका रात्रीत बऱ्याच कोंबड्या मेल्या तर मेलेल्यांना हातसुद्धा लावू नका, आधी फोन करा. तुमची तलंग इतके आठवडे खातेपिते आहे, म्हणजे हा प्रकार दिसत नाही.

आता धुणं. उन्हं वर आल्यावर करा, दिवस कलल्यावर कधीच नको. ओली कोंबडी साताऱ्याच्या थंडीत रात्र काढू शकत नाही. लहान मुलाचा टब किंवा घमेलं घ्या, स्वयंपाकातलं भांडं नको, कारण शिटेत माणसाचं पोट बिघडवणारा साल्मोनेला जंतू असू शकतो. कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास, त्यामुळे ३८ ते ४० अंशांचं पाणी तिला बरं वाटतं. तान्ह्या बाळाच्या पाण्याला बघतो तसं कोपर बुडवून बघा. कोंबडी टेकली की पाणी पंखांच्या खालीच राहावं, एवढंच भरायचं. गळ्याखालची थैली दाण्यांनी टच्च भरलेली असेल तर तास-दोन तास थांबा.

एक तळहात छातीखाली घालून तिचं वजन त्यावर घ्या. आवळायचं मात्र नाही. कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा) नसतं, छातीचं हाड वर-खाली झालं तरच तिच्या आत हवा जाते. फडफडते म्हणून माणसं घट्ट धरतात आणि ती हातातल्या हातात गुदमरते. उताणी घालून धुऊ नका म्हणतात ते याच कारणाने.

पहिला मिनिटभर झटापट होते. मग पाण्याची ऊब लागली की खालची पापणी हळूच वर सरकते (कोंबडीचा डोळा खालून मिटतो), मान जराशी ओघळते. आमची तर चक्क पेंगायची. अशा वेळी हात काढून घेऊ नका, चोच पाण्यात जाईल.

वाळून कडक झालेली शीट ओढायची नाही. दहा मिनिटं भिजली की बोटानं चुरून निघते. ओढली तर पिसांसकट कातडी सोलून येते, कोंबडीची कातडी फार पातळ असते. फारच तेलकट घाण असेल तर बाळाच्या शाम्पूचे दोन-चार थेंब पुरेत. रिठा-शिकेकाई डोळ्यात गेली तर झोंबते, आणि डेटॉल-फिनेलच्या वाटेला तर जाऊच नका. साबण वापरलात तर दोनदा स्वच्छ पाण्याने काढा. पाय पाण्यात तरंगतात तेव्हा हलक्या हाताने गुडघा दुमडून सरळ करून घ्या. जमिनीवर न हलवलेला पाय पाण्यात कधी कधी स्वतःहून झटका देतो. हाड मोडल्याची शंका असेल तर मात्र हे नको.

बूड धुताना तिथली कातडी नीट बघा. शिटेतला पांढरा भाग युरिक आम्लाचा असतो, तो तासन् तास चिकटून राहिला की कातडी आधी लाल होते, मग सोलते. गावठी कोंबडीत लाली लगेच कळते. कडकनाथची कातडीच काळी, तिच्यात लाली दिसतच नाही. बोटाला गरम लागतंय का आणि कुठे खरखरीत झालंय का, यावरून ओळखावं लागतं. शेपटीखालची मऊ पिसं कात्रीने आखूड करून टाका, म्हणजे पुन्हा माखणं निम्म्यावर येतं. नवीन फुटलेल्या पिसाची नळी निळसर-काळपट दिसते, तिच्यात रक्त असतं, ती कापायची नाही.

वाळवणं हे खरं काम. दोन सुती पंचे घ्या. पहिल्याने टिपून घ्या, घासू नका. दुसऱ्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसा. मग हेअर ड्रायर कमी उष्णतेवर, वीत-दीड वीत लांबून, सारखा हलता ठेवून. आपला मोकळा हात त्या वाऱ्यात ठेवला की किती गरम आहे ते कळत राहतं. वरची पिसं सुकली तरी आतली लव ओलीच असते. पंखाच्या खाकेत आणि शेपटीच्या बुडाशी बोट घालून बघितल्याशिवाय तिला खाली ठेवू नका. पावसाळ्यात ऊन नाही आणि वीज कधी जाईल त्याचा नेम नाही, अशा दिवशी पाण्यात न घालता कोमट ओल्या फडक्याने बूड पुसून भागवा.

एवढा आटापिटा कशासाठी, तर माश्यांसाठी. माखलेल्या, ओलसर पिसांवर त्या हिरव्या-निळ्या चकाकणाऱ्या माश्या अंडी घालतात आणि दमट उष्ण हवेत काही तासांत किडे पडू शकतात. चालती कोंबडी चोचीने साफ करते, बसकी कुठे पोचणार? म्हणून उन्हाळ्या-पावसाळ्यात रोज एकदा तरी शेपटी उचलून बघायचं. पांढुरके पुंजके दिसले की तेवढी पिसं कापून टाकायची. किडे दिसलेच तर लिटरभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचा दीड सपाट चमचा मीठ घालून त्याने धुवा, चिमट्याने दिसतील तेवढे काढा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जनावराच्या जखमेत किडे पडले की टर्पेंटाइन ओतायची आपल्याकडे पद्धत आहे, कुणी रॉकेल सुचवतं. एवढ्याशा पक्ष्याला ते विष आहे.

हळदीचं काय, हे तुम्ही विचारणारच. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालंय आणि मी त्याच जिल्ह्यात बसून हळदीविरुद्ध लिहितेय, तरीही सांगते: उघड्या जखमेवर हळद-तेलाचा लेप थापू नका. पिवळ्या थराखाली काय चाललंय ते दिसत नाही आणि तेलाने पिसं चिपकून ऊब धरेनाशी होतात. बीटाडीन पाण्यात फिक्क्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. कातडी नुसती लाल असेल, सोललेली नसेल, तर खोबरेल तेलाचं बोट, तेही पिसं बाजूला करून. माणसांची दुखणं थांबवणारी मलमं आणि झिंकची मलमं नकोत, ती चोचीने पोटात जातात.

अंथरूण. भाताचं तूस सगळ्यात बरं, पाटण किंवा शिराळ्याकडच्या गिरणीत मिळतं. वखारीचा बारीक भुसा नाकातोंडात जातो. तुसावर जुन्या सुती कपड्याची घडी, ती रोज बदलायची. पण नुसतं मऊ असून भागत नाही. एका जागी बसून छातीच्या हाडावर आणि गुडघ्यांवर जखमा होतात, त्यासाठी मी जुन्या लुगड्याची मोठी चुंबळ करायचे. डोक्यावर घागर घेताना ठेवतो तीच, जरा रुंद. कोंबडी तीवर बसवली की छातीचं हाड मधल्या पोकळीत अधांतरी राहतं, आणि शेपटीकडची बाजू थोडी मोकळी सोडली तर शीट खाली पडते, अंगाला लागत नाही. दर दोन-तीन तासांनी कूस बदला.

झोळीचाही उपयोग होतो. जाड कापडाला पायांसाठी दोन भोकं, मागे शिटेसाठी एक, आणि ते कापड लाकडी चौकटीला किंवा उलट्या ठेवलेल्या स्टुलाच्या पायांना बांधायचं. पंजे जमिनीला जेमतेम टेकले पाहिजेत. समोर दाणा आणि पाणी. सुरुवात अर्ध्या तासापासून करा. काही कोंबड्यांना झोळी अजिबात सोसत नाही, सारख्या धडपडतात, त्यांना चुंबळच बरी.

आणि खरी आंघोळ, म्हणजे मातीची. कोंबडी पाण्याने स्वच्छ होत नाही, मातीत लोळून होते. उवाही त्याने कमी होतात. तिला लोळता येत नाही म्हणून घमेल्यात कोरडी बारीक माती आणि चुलीतली थंड, चाळलेली लाकडाची राख घ्या, तिला त्यात बसवा आणि पंखांखाली, मानेवर मूठ-मूठ भुरभुरवा. चोच आणि डोळे सांभाळा. अंग ओलं असताना राख नको, ती कातडीला जाळते. शेपटीखाली पिसांच्या बुडाशी पांढरे गठ्ठे चिकटलेले दिसले तर त्या लिखा, ती पिसं कापून जाळून टाका.

पाण्याचं भांडं जड आणि उथळ असावं. तोल गेला तर ती खोल भांड्यात बुडू शकते. चोचीत जबरदस्तीने पाणी ओतू नका. जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड असतं, पाणी सरळ फुफ्फुसात जातं. चोचीच्या कडेला थेंब लावा, ती ओढून घेते. नुसत्या मका-ज्वारीवर ठेवलीत तर चरबी चढते आणि अधू पायावर आणखी भार येतो. उकरायचं थांबल्यामुळे नखं वाढतात, तीही बघून घासा.

लाल मुंग्यांकडे दुर्लक्ष करू नका. पळता न येणाऱ्या कोंबडीला त्या जिवंतपणी खातात. खोका टेबलावर आणि टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत, हा जुना उपाय अजून चालतो. रात्री जाळीचं दार हवं, मुंगूस आणि मांजर दोन्ही टपून असतात. एप्रिल-मेमध्ये तिला सावलीत सरकवणं तुमच्याच हातात आहे, ती स्वतः उठून जाणार नाही. दिवसा बाकीच्या कोंबड्यांना ती दिसावी पण त्यांची चोच पोचू नये. पडलेल्या कोंबडीला टोचतात. आम्ही डालग्याखाली तिला अंगणात ठेवायचो आणि बाकीच्या भोवती चरायच्या.

"एवढं करण्यापेक्षा रस्सा का नाही केला" हे तुम्हालाही ऐकावं लागेल. आमच्या आत्तीसुद्धा म्हणायच्या, आणि मग त्याच चुंबळ वळून द्यायच्या. आजारी आणि औषध चालू असलेला पक्षी खायचा नसतो, एवढं उत्तर पुरतं. तिला अंडी येत असतील तर औषधाच्या काळात आणि नंतर किती दिवस ती खायची नाहीत हेही डॉक्टरांना विचारून घ्या.

तिचं भागतंय की नाही हे वजनावरून ठरवा. दर आठवड्याला काट्यावर ठेवा आणि छातीच्या हाडावरून बोट फिरवा. हाड धारदार लागायला लागलं, तुरा फिका पडला, चोचीने पिसं नीट करणं सोडलं आणि आवडीचा दाणाही नको झाला, तर तिला ओढत ठेवू नका. डॉक्टरांकडून शांतपणे सोडवा.

साताऱ्याहून शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय हमरस्त्यावरच आहे, पक्षी खोक्यात घालून नेता येईल. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. दरम्यान तिला सपाट जागी बसवून दोन्ही पाय पूर्ण दिसतील असा एक आणि तळव्यांचा एक असे फोटो इथे टाका. पाय फाकलाय की बोटं मुडपलीत ते कळलं तर पुढचं सांगता येईल.