ब्लँकेट दिलं, आता पुढं काय?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आमचं कोल्हापुरात शिवाजी पेठेत तालीम मंडळ आहे. दरवर्षी डिसेंबरात पोरं वर्गणी काढून सीबीएस (मध्यवर्ती बसस्टँड), रेल्वे स्टेशन आणि पंचगंगा घाटावर झोपणाऱ्यांना ब्लँकेट वाटतात. यंदा स्टेशनजवळ एका म्हाताऱ्या बाबांनी ब्लँकेट परत दिलं आणि म्हणाले, "दिवसा ठेवू कुठं?" पोरं गप्पच झाली. आता मिटिंगमध्ये दोन गट पडलेत, एक म्हणतोय वाटप चालू ठेवा, दुसरा म्हणतोय पैसे संस्थेला देऊन मोकळे व्हा. काय करावं?
— तालमीचा एक कार्यकर्ता

उत्तर : दादा, मिटिंगमध्ये सगळ्यात आधी त्या बाबांचा प्रश्न घ्या, बाकीचं नंतर. रस्त्यावर झोपणाऱ्याला सगळ्यात जड जातं ते त्याचं सामान. मार्केट यार्डात हमालीला किंवा हॉटेलात भांडी घासायला गठुडं घेऊन गेलं तर कोण कामावर उभं करून घेणार, आणि तिथंच ठेवून गेलं तर संध्याकाळपर्यंत एकतर चोरीला गेलेलं असतं नाहीतर कचऱ्याच्या गाडीत. त्याच गठुड्यात आधार कार्ड असतं, दवाखान्याची चिठ्ठी असते, गावाकडचा फोन नंबर लिहिलेला कागद असतो, ते सगळं एका दिवसात जातं. तालमीत एक लोखंडी कपाट ठेवा, पाच-सहा कप्प्यांचं, ज्याची त्याची कुलूप-किल्ली, आणि सकाळी-रात्री ठरलेल्या वेळी कुणीतरी दार उघडायला हजर. एवढं केलंत तरी खूप झालं बघा.

वाटपाला माझा विरोध नाही, थंडीत ऊब लागतेच. पण माझं ठाम मत आहे की माणूस वर्षानुवर्षं रस्त्यावरच राहतो त्याला छप्पर नसणं हे एकच कारण नसतं, त्याला नावानं हाक मारणारं आणि चार दिवसांनी परत येऊन "काय बाबा, गेलात का दवाखान्यात?" असं विचारणारं कुणी उरलेलं नसतं. निवारा महापालिका देईल, औषध सरकारी दवाखाना देईल, पण हे विचारणं पेठेतल्या माणसांनीच करायचं, त्याला टेंडर निघत नाही. म्हणून शंभर जणांना एकदा भेटण्यापेक्षा दहा जणांना वर्षभर भेटा. नाव, गाव, काय काम येतं, घरी कोण आहे हे हळूहळू कळू द्या, पहिल्याच दिवशी वही-पेन घेऊन समोर बसू नका, आणि वाटप करतानाचे फोटो तर अजिबात नकोत. त्या माणसाच्या गावात कुणीतरी तो फोटो बघणार असतं हो.

आता निवाऱ्याचं. २०१३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांच्या निवाऱ्यासाठी वेगळी योजना होती. एक लाख लोकसंख्येमागं किमान १०० जणांचा कायमचा निवारा आणि माणशी ५० चौरस फूट जागा, हे तिचं माप. त्याच्या मागं सुप्रीम कोर्टाचे आदेशही होते. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहर जवळजवळ साडेपाच लाखाचं होतं, म्हणजे या हिशेबानं किमान पाचशे माणसांची सोय शहरात असायला पाहिजे. आज नेमकी किती आहे हे मंडळाच्या लेटरहेडवर महापालिकेला विचारा, गणपतीच्या परवानगीसाठी आपण जेवढ्या चिकाटीनं फेऱ्या मारतो तेवढ्याच चिकाटीनं.

कुणाला निवारा केंद्राचा रस्ता दाखवण्याआधी तुम्ही स्वतः जाऊन बघा. रात्री दार कितीला बंद होतं, हॉटेलातून उशिरा सुटणाऱ्याला आत घेतात का, नवरा-बायको एकत्र राहू शकतात का, आजारी माणसाला दिवसा पडून राहता येतं का, हे माहीत नसताना "जा की तिथं" म्हणण्यात अर्थ नाही. पहिल्या वेळी सोबत जा आणि दोन-तीन दिवसांनी भेटायला परत जा, कारण ओळखीचं कुणी नसलेल्या जागेतून माणूस लवकर बाहेर पडतो.

"आधी दारू सोड, मग बघू" असं म्हणणारे तुमच्या मिटिंगमध्येही असतील. त्यांना दसरा चौकात नेऊन तिथली बोर्डिंगं, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं, दाखवा. खेड्यातल्या पोरानं शिकावं असं वाटत असेल तर आधी त्याला शहरात राहायला जागा पाहिजे, हे शाहू महाराजांनी ओळखलं, १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं आणि मग एकेका समाजाची बोर्डिंगं होत गेली. जागा आधी, बाकीचं मागनं. रोज रात्री कुणीतरी हाकलणार या भीतीत असलेला माणूस दारू कशी सोडेल सांगा?

कागदपत्रांचं काम तालमीला सहज जमण्यासारखं आहे. बेघर माणसाचंही मतदार यादीत नाव लागतं आणि त्यासाठी पत्त्याचा पुरावा लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नाही. नमुना ६ भरायचा, झोपण्याची जागा पत्ता म्हणून लिहायची, मग बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा केंद्रस्तरीय अधिकारी, रात्री येऊन तो माणूस खरंच तिथं झोपतो का ते बघतो. तुम्ही फॉर्म भरून द्या आणि बीएलओ यायचा असेल त्या रात्री तिथं थांबा. मतदार कार्ड हातात आलं की पुढचे कागद काढायला धरायला काहीतरी होतं. २०११ ला २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभर बेघरांची मोजणी झाली होती, तेव्हा आकडा १७ लाख ७० हजारांच्या वर गेला होता. २०२७ च्या जनगणनेतही आपल्या भागातलं कुणी सुटू नये, घाटावर कुठल्या कोपऱ्यात कोण झोपतं हे तुमच्या पोरांइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार?

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात याच पेठांनी जेवणं रांधली, अनोळखी माणसं घरात घेतली, त्यामुळं ताकद आहे का हा प्रश्नच नाही. फक्त पुरात एक गोष्ट सुटते. मदत मिळते पंचनाम्यावर आणि पंचनामा होतो घराचा. घाटावरच्या माणसाचं सगळं वाहून गेलं तरी त्याची कुठं नोंद होत नाही. पावसाळ्याआधीच त्यांची यादी करून ठेवा.

प्रश्न : आमच्या गल्लीच्या तोंडाला महिनाभर एक बाई बसून आहेत. स्वतःशीच बोलतात, कपड्यांचं भान नाही, बोलणं कानडी वाटतं. काहीजण म्हणतात गाडीत घालून लांब सोडून येऊ. मला ते ऐकवत नाही. पोलिसांना सांगितलं तर कोठडीत घालतील का?
— एक गृहिणी, गंगावेश

उत्तर : ताई, लांब सोडून येणं म्हणजे त्या बाईला मरायला सोडणं आहे, तसं कुणाला करू देऊ नका. पोलिसांना कळवायला घाबरू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०० प्रमाणे अशी व्यक्ती भटकताना दिसली आणि ती स्वतःची काळजी घेऊ शकत नसेल तर तिला संरक्षणात घेणं हे पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचं कर्तव्यच आहे. कोठडीत ठेवता येत नाही, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावं लागतं, आणि व्यक्ती बेघर असेल तर हरवल्याची तक्रार नोंदवून घरच्यांचा शोध घ्यावा लागतो. उपचार मोफत, पिवळं रेशन कार्ड असो नसो. ११२ ला फोन करा, महिला पोलीस पाठवा म्हणून सांगा आणि कलम १०० हे शब्द बोला, त्यानं फरक पडतो.

सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे. तिथं जाताना गल्लीतल्या दोघी-तिघी सोबत जा आणि कानडी येणारं एक माणूस न्या, कोल्हापुरात ते मिळायला अवघड नाही. गावाचं नाव, नवऱ्याचं नाव, लेकराचं नाव, एवढं जरी त्यांच्या तोंडून आलं तरी शोध सोपा होतो. फोटो व्हॉट्सअॅपवर फिरवू नका, पोलिसांना द्या. तोपर्यंत जेवण देताना समोरून, हळू आवाजात बोलत जा, मागून अंगाला हात लावू नका. कसं बोलावं कळत नसेल तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर मराठीतून विचारता येतं. आणि कुणी साठीच्या पुढचं असं सोडून दिलेलं दिसलं तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

प्रश्न : माझी कसबा बावड्यात एक खोली रिकामी आहे. पूर्वी स्टँडवर झोपणारा एक जण आता हॉटेलात नीट कामाला आहे, त्याला द्यावी असं वाटतं. शेजारी नको म्हणतात. कायद्यानं काही अडचण?
— एक घरमालक

उत्तर : काका, द्या, मनापासून सांगतो. इतर भाडेकरूला जे नियम तेच याला. अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट करा, महाराष्ट्रात ते रजिस्टर करणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची असते, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्या. शेजाऱ्यांना हॉटेलमालकाशी बोलायला सांगा, त्याच्या कामाबद्दल तोच सांगेल. खरी अडचण येते डिपॉझिटची. भाडं पगारातून निघतं, पण एकरकमी पैसे अशा माणसाकडं कुठून येणार, त्यामुळं डिपॉझिट महिन्याला थोडं थोडं घ्या, नाहीतर गल्लीतल्या मंडळाला भरायला सांगा आणि खोली सोडताना ते मंडळालाच परत द्या. अॅग्रीमेंट मात्र त्याच्या स्वतःच्या नावानंच करा, मंडळाच्या किंवा हॉटेलमालकाच्या नको, कारण त्या कागदावर त्याला रेशन कार्डापासून बँक खात्यापर्यंत सगळीकडं पत्ता दाखवता येतो.